संडे स्कूलच्या चिमुकल्यांना खेळवताना या चुका टाळा

जालन्याकडच्या आमच्या चर्चमध्ये 3 ते 5 वर्षांच्या लेकरांचा वर्ग मी 12 वर्षं घेतेय. दर जूनमध्ये कुणी तरी नवीन टीचर उत्साहाने येते, मोबाइलवर ‘मैत्रीचे खेळ’ शोधून आणते आणि पहिल्याच रविवारी अर्धा वर्ग रडवून ठेवते. मग मला विचारते, “टीचर, आजकालची लेकरं हट्टी झालीत का?” लेकरं होती तशीच आहेत. खेळ चुकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे संगीत खुर्ची. मीही लावली होती, म्हणून बोलते. नाताळच्या तयारीची गडबड, 16 लेकरं, प्लास्टिकच्या 15 खुर्च्या आणि ढोलकीवर तरुण संघातला एक दादा. पहिलाच बाद झाला तो 4 वर्षांचा, आईचा पदर सोडून त्या दिवशी पहिल्यांदा आत आलेला. रडला नाही. चपलांच्या ढिगातून आपली चप्पल शोधली, उलटसुलट पायात घातली आणि खेळ संपेपर्यंत दारात उभा राहिला. पुढचे 4 रविवार त्याची आई त्याला आणायची आणि तो पायरीवरूनच परत जायचा. 16 जणांच्या या खेळात 15 हरणार हे आधीच ठरलेलं, आणि जो जिंकतो तो तर दुसऱ्याला ढकलून जिंकतो. त्याच्याशी दोस्ती कोण करणार?

आता मी सतरंजी काढते. ढोलकी थांबली की सगळ्यांनी सतरंजीवर यायचं. मग सतरंजी दुमडायची, पुन्हा ढोलकी. तिसऱ्या घडीला लेकरं एकमेकांच्या कमरेला धरून खिदळत उभी असतात, कुणाचा पाय बाहेर गेला तर दुसरं त्याला आत ओढतं. बाद कुणीच नाही. चौथी घडी घालू नका. मी घातली होती, एकाचा ओठ फुटला.

चिंचोके, मणी, खडे वर्गात आणूच नका. नाकात गेलेला चिंचोका घेऊन एकदा दवाखाना गाठलाय. फुगेही नकोत, फुटलेला तुकडा लेकरू तोंडात घालतं. डोळ्यांवर पट्टी बांधणं या वयात नाही. बक्षिसाचं चॉकलेट द्यायचंच तर सगळ्यांना, तेही घरी जाताना. आणि एप्रिल-मे महिन्यात उपासनेनंतर पत्र्याखाली पळापळीचे खेळ घेणाऱ्यांना मी काहीच सांगत नाही, त्यांनी स्वतः आधी पळून बघावं.

दुसरी मोठी चूक बळंबळं मैत्री लावण्याची. आमच्याकडची काही घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. तेवढ्यात लेकरू वर्गाला विसरतं आणि वर्ग लेकराला. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये रविवारची शाळा काढली, तीच मुळी आठवडाभर राबणाऱ्या गरिबांच्या पोरांसाठी. म्हणजे ही लेकरं पाहुणी नव्हेत, हक्काची आहेत. तर अशी एक साडेतीन वर्षांची पोर फडावरून परत आली. नव्या टीचरने तिला गोलाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाली, “चला, सगळ्यांनी हिला मिठी मारा!” 10-12 जण अंगावर धावले. पहिल्या दोघांना ती कडकडून चावली. मग “सॉरी म्हण” सुरू झालं. दारातून तिची आजी म्हणाली, “राहू द्या माय, उगं बसू द्या तिला.”

आजीचं खरं होतं. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळाबद्दल लिहिताना शेजारी बसून आपापलं खेळण्याचा वेगळा टप्पाच मांडलाय. तो टप्पा गाळायची घाई मोठ्यांनाच असते. मी तिच्याकडे चिंध्यांचा चेंडू सांभाळायला दिला. बाकीचे पाय पसरून गोलात बसायचे, ज्याचं नाव घ्यायचं त्याच्याकडे चेंडू घरंगळवायचा. फेकायचा नाही, घरंगळवायचाच. खेळ सुरू करायला चेंडू तिच्याकडूनच मागावा लागायचा. तिसऱ्या रविवारी तिने तो मला न देता थेट एका पोराकडे सोडला. नाव घेतलं नाही. मीही घ्यायला लावलं नाही.

आणि गोष्ट आधी, खेळ नंतर, ही सवय मोडा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, पक्षघाती माणसाला चौघे छत उघडून येशूपुढे खाली सोडतात, ती गोष्ट मी खेळूनच सुरू करते. चादरीचे चार कोपरे चौघांकडे, मधे कापडी बाहुली, भिंतीपासून दारापर्यंत न्यायची. एक जण पुढे पळाला की बाहुली पडते, मग ती तिघंच त्याला हाका मारून थांबवतात. बाहुलीच्या जागी खरं लेकरू झोपवायचा मोह होतो, तो आवरा. चादर जुनी, सुती घ्या. नायलॉनची ओढणी हातातून सटकते आणि पक्षघाती तोंडावर आपटतो.