कॅमेऱ्यासाठी मिनरल पावडर फाउंडेशन: लग्नाच्या छायाचित्रणात ते कसे वापरावे

मिनरल पावडर फाउंडेशन आरशात छान दिसले म्हणजे फोटोतही तसेच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही. खोलीतला उजेड चेहऱ्यावर चहूबाजूंनी पडतो; फ्लॅशचा प्रकाश मात्र लेन्सच्या अगदी शेजारून निघतो, चेहऱ्यावर आदळतो आणि बराचसा त्याच वाटेने परत येतो. पावडरीतले खनिज कण त्याला किती आणि कसे परतवतात, यावर अल्बममधला चेहरा नवरीचा स्वतःचा दिसणार की पांढुरका पडलेला दिसणार, हे ठरते. म्हणून ही पावडर व्यावसायिक कामात वापरायची असेल, तर ब्रश हातात घेण्याआधी प्रकाशाची माहिती घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, नांदेड या पट्ट्यात लग्नसराईची कामे करणाऱ्या मेकअप आर्टिस्टना समोर ठेवून हे लिहिले आहे, कारण इथले ऊन, इथले मंडप आणि इथला हळदीचा कार्यक्रम या तिन्ही गोष्टींचा पावडरीच्या कामाशी थेट संबंध येतो.

डबीत काय असते

अशा फाउंडेशनमध्ये मुख्यतः अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड हे चार घटक असतात. अभ्रकाचे पातळ पापुद्र्यांसारखे कण त्वचेवर सहज पसरतात आणि हलकी चमक देतात. आयर्न ऑक्साइड तांबडा, पिवळा आणि काळा अशा तीन रंगांत येतो आणि त्यांच्या मिश्रणातून त्वचेची प्रत्येक छटा तयार होते. गेरू आणि पिवळी माती यांचा रंगही लोहाच्या अशाच संयुगांमुळे असतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतले तांबडे आणि पिवळे रंग याच जातीच्या मातीचे आहेत, आणि इतक्या शतकांनंतरही ते ओळखू येतात, यावरून ही रंगद्रव्ये किती टिकाऊ आहेत हे समजते.

फोटोच्या दृष्टीने खरे लक्ष टायटॅनियम डायऑक्साइडकडे द्यावे लागते. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, हिऱ्यापेक्षाही जास्त असल्यामुळे तो प्रकाश फार जोरात विखुरतो. डाग झाकले जातात ते त्याच्यामुळेच, आणि थेट फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडतो तोही बहुतांशी त्याच्यामुळेच. झिंक ऑक्साइडचा परिणाम तसाच, पण सौम्य असतो. ‘एचडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पांढऱ्या फिनिशिंग पावडरी जवळजवळ निव्वळ सिलिकाच्या असतात. त्या डोळ्यांना पारदर्शक दिसतात, मात्र कोरड्या आणि जाड लावल्या तर फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे ठिपके उमटवतात.

डबी विकत घेताना मागची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी. रंगद्रव्यांची नावे पुष्कळदा ‘सीआय’ (कलर इंडेक्स) क्रमांकांत दिलेली असतात: सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७९४७ म्हणजे झिंक ऑक्साइड, ७७०१९ म्हणजे अभ्रक, आणि ७७४९१, ७७४९२ व ७७४९९ हे आयर्न ऑक्साइडचे तांबडा, पिवळा व काळा असे तीन प्रकार. ७७१६३ हा क्रमांक दिसला तर ती बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आहे हे ओळखावे. तिची मोत्यासारखी चमक फोटोत घामासारखी दिसते, आणि घाम आल्यावर काहींच्या चेहऱ्याला तिच्यामुळे खाज सुटते. वैशाखातल्या लग्नासाठी ती नसलेली पावडरच निवडावी.

फोटोग्राफरला आधी काय विचारावे

लग्नाच्या आदल्या दिवशी फोटोग्राफरशी पाच मिनिटे बोलून घ्यावे. फ्लॅश कॅमेऱ्यावर थेट समोर रोखलेला असेल, छताकडे वळवलेला असेल, की सॉफ्टबॉक्समधून, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून, येणार आहे, हा पहिला प्रश्न. थेट फ्लॅश असेल तर पावडर अगदी पातळ ठेवून झाकण्याचे काम क्रीम कन्सीलरवर सोपवावे. प्रकाश वळवलेला किंवा गाळलेला असेल तर थोडी मोकळीक मिळते. छत उंच असले किंवा वर रंगीत कापड असले तर फ्लॅश वळवून उपयोग होत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मंडपांत नेमके तसेच असते. गुलाबी किंवा पिवळ्या कापडाखाली दुपारच्या उन्हाची झाक चेहऱ्यावर उतरते. ती मेकअपने घालवायचा प्रयत्न करू नये, ते कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे उजेडाची झाक काढून टाकणाऱ्या सेटिंगचे, काम आहे. गोरज मुहूर्ताच्या लग्नात मंगलाष्टके संधिप्रकाशात सुरू होतात आणि अक्षता पडेपर्यंत एलईडी दिवे लागलेले असतात. अशा वेळी दोन्ही उजेडांत चालेल अशी, फार पिवळी किंवा फार गुलाबी नसलेली छटा घ्यावी.

प्री-वेडिंगच्या बाहेरच्या फोटोंत अडचण निराळी असते. बीबी का मकबऱ्यासारख्या पांढऱ्या वास्तूसमोर उजेड खालूनही परततो आणि हनुवटीखालचा भाग, मान आणि जबड्याची कड उजळून निघते. तिथे चेहरा आणि मान यांच्या रंगातली तफावत लपत नाही. वेरूळच्या काळ्या पाषाणासमोर उलट होते, कारण गडद पार्श्वभूमीवर चेहरा आहे त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून तिथे अंगच्या रंगाहून उजळ छटा अजिबात वापरू नये.

छटा ठरवणे

या भागात काम करताना जवळजवळ प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येते. नवरीची मावशी किंवा आत्या खुर्चीमागे उभी राहून हळूच म्हणते, “ताई, पोरगी जरा उजळ दिसू द्या.” त्यामागे माया असते, हे मी जाणते, तरीही सावळ्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ पावडर लावण्याला माझा पूर्ण विरोध आहे. त्यात नवरीच्या रंगाचा अपमान आहेच, शिवाय ते फोटोतही फसते: उजळ छटेत टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असते आणि सावळ्या त्वचेवर ते राखाडी दिसते, हार घालताना वर केलेले हात एका रंगाचे आणि चेहरा दुसऱ्याच रंगाचा, असा फोटो मग कायमचा अल्बममध्ये राहतो. मावशींना शांतपणे सांगावे की, “रंग तिचाच ठेवू, तेज वाढवू,” आणि एक फोटो काढून दाखवावा. फोटो पाहिल्यावर बहुतेकींना ते पटते.

छटा तपासताना जबड्याच्या कडेपासून मानेपर्यंत तीन जवळच्या छटांचे पट्टे ओढावेत आणि नवरीला दारात, दिवसाच्या उजेडात उभे करून पाहावे. लगेच निर्णय घेऊ नये. त्वचेचे तेल पावडरीत मुरले की रंग थोडा गडद होतो, म्हणून किमान पंधरा मिनिटे थांबून मगच निवड करावी. हवी ती छटा मिळत नसेल तर दोन पावडरी मिसळाव्यात. पेटीत गडद छटा जास्त ठेवाव्यात, कारण गडद पावडर थोड्या उजळीने हलकी करता येते, मात्र उजळ पावडर गडद करायला दुसरे काही हाताशी नसते. मिसळण्याचे प्रमाण नवरीच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावे.

ही निवड हळदीच्या आधी, ट्रायलच्या दिवशीच झाली पाहिजे. हळद लागल्यावर चेहरा आणि मान दोन्ही पिवळी पडतात आणि मग कोणतीही छटा बरोबर वाटू लागते. लग्नाच्या सकाळी पिवळेपणा राहिला असेल तर साबणाने घासू नये: हळदीतले रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि साबणासारख्या क्षारयुक्त पदार्थाने ते तांबूस होते. हळदीला क्षार लावून कुंकू करतात तो हाच गुणधर्म. त्याऐवजी खोबरेल तेल हलक्या हाताने चोळून, ओल्या मऊ कापडाने पुसावे आणि नंतर सौम्य फेसवॉशने तेल काढून टाकावे. केसांच्या कडेला, कानामागे आणि भुवयांत हळद हमखास राहते, ती आवर्जून पाहावी.

लावण्याची पद्धत

कोरड्या त्वचेवर ही पावडर पापुद्र्यांना धरून बसते आणि ओलसर त्वचेवर तिचे चट्टे होतात; म्हणून मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटे थांबावे आणि वर टिश्यू दाबून पाहावा. टिश्यूला काही लागले नाही की सुरुवात करावी. थंडीच्या दिवसांत इथली हवा फार कोरडी असते, तेव्हा दाट क्रीम वापरावे. उन्हाळ्यात पातळ जेल पुरते. पांढरा थर ठेवणारे सनस्क्रीन फ्लॅशच्या फोटोंआधी टाळावे, कारण त्यातही टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतेच. दिवसभराच्या उन्हातल्या शूटला मात्र सनस्क्रीन हवेच. केवळ पावडरीवर उन्हापासून संरक्षणासाठी विसंबू नये. डोळ्यांखालचे आणि मुरुमांचे डाग आधी क्रीम कन्सीलरने झाकावेत, म्हणजे त्यासाठी पावडरीचे थर चढवावे लागत नाहीत.

पावडर काढण्यापूर्वी पंखा आणि कूलर बंद करायला सांगावे. कूलरच्या झोतात सुटी पावडर पैठणीवर तर उडतेच, शिवाय त्याची दमट हवा ब्रशमध्ये गुठळ्या करते. नवरीच्या खांद्यावर सुती कापड टाकावे आणि तिला क्षणभर श्वास रोखायला सांगावे. ही बारीक धूळ तिच्या किंवा आपल्या छातीत जाणे चांगले नाही, आणि रोज काम करणाऱ्यांनी तर मास्क वापरावाच.

स्टीलच्या स्वच्छ ताटलीत पाव छोटा चमचा पावडर घ्यावी. पहिल्या थराला तेवढी पुष्कळ होते. दाट केसांचा काबुकी ब्रश तिच्यात गोल फिरवावा आणि मग ब्रशची दांडी ताटलीच्या कडेवर हलकेच आपटावी. पावडर केसांच्या आत उतरली पाहिजे, टोकांवर दिसता कामा नये. गालाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने, छोट्या वर्तुळांत, थोडा दाब देऊन ती त्वचेत मुरवावी. कपाळ, नाक आणि हनुवटी यांना ब्रशवर उरलेलीच पावडर लावावी. डोळ्यांखाली छोट्या मऊ ब्रशने फक्त टेकवत जावे, घासू नये. शेवटचा हात नेहमी वरून खाली फिरवावा, नाहीतर गालावरची बारीक लव उभी राहते आणि बाजूने आलेल्या प्रकाशात प्रत्येक केसावर बसलेली पावडर दिसते. दुसरा थर हवा असेल तर फक्त तेवढ्याच जागी द्यावा.

यानंतर हातभर अंतरावरून साध्या पाण्याचा किंवा सेटिंग स्प्रेचा बारीक फवारा मारावा आणि ओलसर, नीट पिळलेल्या स्पंजने चेहरा दाबून घ्यावा. ही पायरी घाईत गाळली जाते, पण फोटोसाठी माझ्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची आहे. कोरड्या कणांमध्ये हवा असते आणि त्या हवेमुळे प्रकाश जास्त विखुरतो; कण ओलाव्याने आणि त्वचेच्या तेलाने बसले की पांढरेपणा कमी होतो आणि पिठासारखा दिसणारा थर त्वचेत मिसळतो.

आता फोटोग्राफरच्याच कॅमेऱ्यावर चाचणीचे दोन फोटो काढून घ्यावेत, एक समोरून थेट फ्लॅशने आणि एक बाजूने. ते मोठे करून कपाळ, डोळ्यांखालचा भाग, नाकाच्या कडा आणि हनुवटी पाहावी आणि त्यांची तुलना मानेशी व हातांशी करावी. पांढरेपणा आढळला तर वर गडद पावडर चढवू नये. कोऱ्या, फुललेल्या ब्रशने जादा पावडर झाडावी, पुन्हा फवारा मारून स्पंज दाबावा. तरीही डाग राहिला तर तेवढा भाग पुसून नव्याने करावा.

प्रत्येक चेहऱ्याला ही पावडर मानवत नाही. मुरुमांचे खोल खड्डे असतील, डोळ्यांभोवती सुरकुत्या दाट असतील किंवा त्वचा सोलवटलेली असेल, तर पातळ क्रीम फाउंडेशन घ्यावे आणि पावडर फक्त नाक व कपाळापुरती ठेवावी. वरमाईचा आणि आजींचा मेकअप बहुधा असाच करावा लागतो.

मंडपातले टचअप

पारा चाळिशीपार गेलेला असताना घाम येणारच. घामावर पावडर कधीही लावू नये; तिचा चिखल होतो आणि तो सुकला की चट्टे पडतात. आधी टिश्यूचा एक पदर सुटा करून दाबावा, पुसू नये, आणि मुंडावळ्यांखालचे कपाळ विसरू नये. मग थोडा वेळ थांबून, ब्रशला लागलेली किंचितशी पावडर फक्त चमकणाऱ्या जागी टेकवावी. दुपारभरात तीनदा टचअप झाले असेल तर चौथ्या वेळी पावडर न लावता फवारा आणि स्पंज एवढ्यावरच भागवावे, कारण थर साठत जातात आणि पाठवणीच्या फोटोंत ते दिसतात.

एका चेहऱ्यावर फिरलेला ब्रश पुन्हा डबीत घालू नये. पावडर चमच्याने ताटलीत काढावी आणि उरलेली टाकून द्यावी. करवलीसाठी वेगळा ब्रश घ्यावा, किंवा वापरलेल्या ब्रशवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून तो पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. ओला ब्रश पावडरीत गेला तर डबीत खडे होतात आणि ती पावडर पुन्हा एकसारखी लागत नाही. घरी आल्यावर ब्रश सौम्य शाम्पूने धुऊन, केस खाली येतील असे टांगून किंवा आडवे ठेवून सावलीत वाळवावेत.