शोकाच्या घरी वचनाची घाई, आणि भावनांच्या बाबतीत आपण ख्रिस्ती माणसं करतो त्या इतर चुका : या टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका ताईंचे यजमान अचानक गेले. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. काखेत बायबल, डोक्यात स्तोत्र २३ तयार. "सलाम ताई" म्हणून बसलो आणि पाचव्या मिनिटाला वाचायला लागलो. मग प्रार्थना, चहा, निरोप. आपण सांत्वन करून आलो या समाधानात घरी आलो.

वर्षभराने त्याच ताई म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. तुम्ही वाचत होता तेव्हा माझं लक्ष दाराकडे होतं. यांच्या चपला तिथंच होत्या. त्या उचलायच्या की राहू द्यायच्या, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं."

आत येताना मी त्याच चपला पायाने बाजूला सारल्या होत्या.

तेव्हापासून मंडळीत, प्रार्थनासभेत, घरोघरी जाताना भावनांच्या बाबतीत आपण कुठे चुकतो ते मी बघत आलो आहे. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही अजूनही करतो.

'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एका लेखात मांडला. स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक जाणायचा आणि त्यावरून कसं वागायचं ते ठरवायचं, असा त्याचा साधारण अर्थ. मंडळीत हा शब्द काढला की कुणीतरी म्हणतंच, "हे जगाचं ज्ञान. आपल्याला आत्म्याचं फळ पुरे." ठीक आहे. पण गलतीकरांस पत्रातल्या त्या नऊ गोष्टींत सहनशीलता, सौम्यता आणि इंद्रियदमन आहे, आणि मंडळीच्या हिशेबाच्या बैठकीत या तिन्हींची काय दशा होते ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

शब्दांचं म्हणाल तर आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही. लोकसमुदाय पाहून येशूला कळवळा आला असं मत्तयाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. आपणही आतडं तुटलं म्हणतो, पोटात कालवलं म्हणतो, आतड्याचं माणूस म्हणतो. मराठी माणसाला ते ग्रीक समजावून सांगावं लागत नाही.

शोकाच्या घरी पहिलं वाक्य

"देवाची इच्छा." "त्याला देवाघरी जास्त गरज होती." "रडू नका, विश्वास ठेवा." ही तीन वाक्यं आपण इतक्या सवयीने बोलतो की बोललो हेही लक्षात राहत नाही. त्यातलं तिसरं तर शास्त्राला सोडूनच आहे.

योहानाचा अकरावा अध्याय सावकाश वाचा. लाजर मेला आहे. मार्था येऊन म्हणते, प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि तेच वाक्य बोलते. मार्थेला येशू उत्तर देतो, पुनरुत्थानाबद्दल बोलतो, तिला विचारतो. मार्थेला प्रश्न आहेत, तिला बोलायचं आहे. मरीया मात्र पाया पडून रडते आहे. तिला तो काहीच समजावत नाही. लाजराला कुठे ठेवलं एवढं विचारतो, आणि पस्तिसावी ओवी येते: "येशू रडला." थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन कबरेबाहेर येणार आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो. दोघी बहिणींचं वाक्य एकच, दुःखही एकच. पण एकीशी तो बोलला आणि दुसरीबरोबर रडला.

ही चूक जुनी आहे. आई मोनिका इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात वारली तेव्हा संत ऑगस्टिन यांनीही रडू आवरून धरलं. विश्वासात गेलेल्या माणसासाठी आक्रोश शोभत नाही, असं त्या वेळी सगळ्यांना वाटत होतं. दफनविधीतही त्यांनी डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. मन हलकं व्हावं म्हणून ते स्नानालाही जाऊन आले, काही उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर एकटे असताना बांध फुटला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मग भेटीला जाताना काय करायचं? मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं ते. ते जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आपल्याला सात दिवस कोण देतो म्हणा, पण वीस मिनिटं गप्प बसता येतं. बोलायचंच असेल तर गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघू नका. शोकातलं माणूस सांगत नाही. डबा कोण आणतंय, बँकेत आणि ग्रामपंचायतीत मृत्यूच्या दाखल्यासाठी कोण बरोबर जातंय, ते विचारा आणि त्यातलं एक काम उचला. वचन वाचायचं असेल तर आधी घरच्यांना विचारा, "वाचू का?" माझ्या अनुभवात दहातले आठ जण हो म्हणतात. पण विचारल्यावर ऐकण्यात फरक पडतो.

आणि पुढे टाळ्या-ढोलकी घेऊन जायची घाई करू नका. खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत कुणाच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. हे वाक्य मी कुठल्याही सांत्वनपर सभेत वाचलेलं ऐकलं नाही.

राग आलाच नाही असं दाखवणं

आपल्याकडे चांगल्या ख्रिस्ती माणसाला राग येत नाही असा एक समज आहे. त्यामुळे राग येतो, पण दुसऱ्या नावाने. अबोला, टोमणे, देणगी बंद करणं, दुसऱ्या बाकावर जाऊन बसणं. आणि हल्ली व्हॉट्सअॅप ग्रुपवर न बोलता टाकलेलं वचन. कापणीच्या सणाच्या लिलावावरून वाद झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कुणीतरी न्यायाविषयीची ओवी टाकतं, खाली हात जोडल्याचं चित्र. कुणाला उद्देशून ते सगळ्यांना कळतं, आणि उत्तर म्हणून दुसरं वचन येतं. तलवारीऐवजी शास्त्रभाग, एवढाच फरक.

इब्री (हिब्रू) भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. आपल्या बायबलमध्ये देवाला 'मंदक्रोध' म्हटलं आहे, तिथे मूळ शब्दप्रयोग शब्दशः 'लांब नाकाचा' असा आहे. राग नाकात चढायला वेळ लागतो, असा. आपल्याकडे ज्याच्या नाकावर राग असतो त्याच्या बरोबर उलट. राग नसलेला देव नव्हे, सावकाश रागावणारा.

मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशू सभास्थानात लोकांकडे रागाने पाहतो. वाळलेल्या हाताचा माणूस समोर आहे आणि शब्बाथाला, म्हणजे काम न करण्याच्या विसाव्याच्या दिवशी, बरं करतो का हे बघायला लोक टपून बसले आहेत. त्याच ओवीत राग आहे आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणाबद्दल खेदही आहे. रागाच्या खाली दुसरी भावना असते ती अशी. मग तो त्या माणसाला हात लांब करायला सांगतो. राग तिथे बरं करण्याकडे वळला.

इफिसकरांस पत्रात तर सरळ आहे: "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये." याचा अर्थ रात्री अकरा वाजता फोन करून भांडण मिटवा असा नाही. मी ते करून पाहिलं आहे, वाढतं. निदान स्वतःशी आणि देवाशी तरी झोपण्यापूर्वी नाव घेऊन कबूल करा की मला अमक्याचा, अमक्या गोष्टीचा राग आला आहे. मग मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पायरी: आधी एकट्यात, त्या माणसाशी. ग्रुपवर नाही, पाळकसाहेबांकडेही आधी नाही.

चिंता म्हणजे अविश्वास

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्रातलं वाक्य आपण चिंतेत असलेल्या माणसाला दटावल्यासारखं ऐकवतो. मुलीचं ऑपरेशन आहे, हप्ता थकलाय, आणि वर अविश्वासाचा आरोप. तोच पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आपल्यावर रोजच्या रोज मंडळ्यांविषयीची चिंता असते असं लिहितो, आणि दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकाच धातूचा आहे. म्हणजे पौलालाही चिंता होती, आणि ती त्याने लिहून कळवली. त्या वाक्याचा पुढचा भाग आपण खातो: मागणी देवाला कळवा. कळवायची तर आधी ती काय आहे ते नीट म्हणावं लागतं. "सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा" म्हणणाऱ्याला कळवण्यासारखं काही उरतच नाही.

थकव्याला पाप समजणं

ही चूक सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यात माणसं हातची जातात. एखादा तरुण उपासनेला यायचा बंद होतो, खात नाही, झोपत नाही, "आता नको वाटतं सगळं" म्हणतो. आपण त्याला उपवास-प्रार्थनेला बसवतो.

१ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर मिळवलेला विजय ताजा आहे, म्हणजे विश्वास कमी पडला म्हणावं अशी जागाच नाही. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देव त्यानंतर, होरेबाला पोचल्यावर विचारतो. आधी झोप, भाकर, पाणी.

स्तोत्र ८८ तर उजेडात संपतच नाही. इब्रीतला त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे. असं स्तोत्र ज्यांनी पवित्र शास्त्रात ठेवलं, त्यांना मनाच्या आजाराची लाज वाटत नव्हती.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं मन गेलेलं असेल तर डॉक्टरकडे न्या. मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबू नका, एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात जात नाही. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही मिळते. गोळ्या चालू असलेल्याला "आता प्रार्थना झाली, गोळ्या सोड" असं कुणी सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवा, मग तो व्यासपीठावर का असेना.

क्षमा केली, म्हणजे परत पाठवा

मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला आपल्या मंडळ्यांनी किती वेळा क्षमेचं वचन सांगून परत पाठवलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. क्षमा आणि पुन्हा विश्वास टाकणं या दोन गोष्टी आहेत हे योसेफाइतकं स्पष्ट कुणी दाखवलं नाही. ज्या भावांनी त्याला विकलं होतं, ते मिसरात धान्यासाठी आले तेव्हा त्याने पहिल्या भेटीतच ओळखले. ओळख दिली नाही. शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत प्याला ठेवला. धाकट्यासाठी यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार होईपर्यंत तो थांबला. मधल्या काळात खोलीत जाऊन रडला आणि तोंड धुऊन बाहेर आला. मनात द्वेष नव्हता, तरी भाऊ बदलले का हे त्याने पाहिलं.

त्या मुलीसाठी १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तो वापरणं क्षमेच्या विरुद्ध नाही.

"प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं"

हे वाक्य ऐकलं की मी हल्ली सावध होतो. यानंतर सहसा कुणाच्या तरी घरातलं येतं, आणि प्रार्थना सुरू होईपर्यंत ते तीन घरांत पोचलेलं असतं. उपाय सोपा आहे: ज्याचं आहे त्याला आधी विचारा, नाव घेऊ का, किती सांगू. हो आलं नाही तर एकट्याने प्रार्थना करा.

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत मध्यंतरी एक गृहस्थ म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना करा, पण कशासाठी ते विचारू नका." क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग त्या चपलांच्या ताईंनीच डोळे मिटले आणि प्रार्थना केली, दीड-दोन मिनिटांची. कुणी काही विचारलं नाही. चहा आला.