मऊ वाळूत फोर-बाय-फोर: ट्रॅक्शन कंट्रोल कधी बंद, कधी चालू

ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आता एखादी थार किंवा जिम्नी दिसते. दिवाळीनंतर त्यातल्या काही जैसलमेरकडे निघतात आणि सम किंवा खुडीच्या वाळूत पहिल्या अर्ध्या तासातच रुततात. गाडी दणकट असते, चालवणाऱ्याने माळशेज घाट दहा वेळा केलेला असतो. तरीही चाक रुततं, कारण ‘गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ते सांभाळून घेईल’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. घसरणाऱ्या चाकाला आवरणारं हे तंत्र मऊ वाळूत सांभाळून घेत नाही. ते कधी बाजूला ठेवायचं आणि कधी वापरायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

हा सराव अलिबाग, नागाव किंवा काशीदच्या किनाऱ्यावर करू नका. तिथे माणसं चालतात, पोरं खेळतात, भरतीचं पाणी गाडीला वळायलाही वेळ देत नाही आणि पोलिसांत गुन्हा दाखल होऊ शकतो. पुढे वेळास, आंजर्ल्याकडे तर त्याच वाळूत कासवं अंडी घालतात. वाळूत गाडी चालवायची असेल तर वाळवंटात जा, स्थानिक माहितगार सोबत घ्या आणि दुसरी गाडी बरोबर असू द्या.

फावडं, प्रेशर गेज, हवा भरायचा पंप आणि ओढायचा पट्टा घेतलाय असं धरून चालतो.

वाळू सुरू होण्याआधी चारही टायरची हवा १८ पाउंडांपर्यंत उतरवा. २५ वर थांबू नका. हवा कमी झाली की टायर जमिनीला टेकतो तो भाग लांबट होतो, वजन पसरतं आणि चाक खाली जायचं थांबतं. हे केलं नाहीत तर पुढचं कुठलंच बटण उपयोगाचं नाही. मग सपाट वाळूसाठी फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग), उभ्या चढासाठी फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग, जास्त जोर). तेही वाळूत शिरायच्या आधी.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट चढताना एक चाक ओल्या डांबरावर घसरलं, तर चाकांवरचे सेन्सर ते ओळखतात. मग ट्रॅक्शन कंट्रोल दोन गोष्टी करतं: इंजिनाची ताकद कमी करतं आणि सुटलेल्या चाकाला ब्रेक लावतं. डांबरावर हे अगदी योग्य आहे. पण मऊ वाळूत चारही चाकं थोडी घसरतच पुढे जातात, आणि गाडी पुढे राहते ती वेगाच्या जोरावर. ही घसरण गाडीला धोका वाटते. चढाच्या मध्यावर, ताकदीची सगळ्यात जास्त गरज असताना, ती इंजिन दाबते. तुम्ही पेडल तळापर्यंत दाबलेलं असतं आणि इंजिन उठत नाही. वेग गेला की चाकं खाली बसतात.

म्हणून वाळूत शिरण्याआधी बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. पण इथेच खरी अडचण सुरू होते, कारण प्रत्येक गाडीत ‘बंद’चा अर्थ वेगळा असतो. काही गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त इंजिन दाबणारा भाग थांबतो आणि स्थिरता सांभाळणारी यंत्रणा चालू राहते. ती घालवायला गाडी उभी असताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. काहींत ठरावीक वेगाच्या वर गेलात की सगळं आपोआप परत चालू होतं. अनेक गाड्यांत फोर-लो टाकलं की इंजिन दाबणं थांबतं, पण चाकाला ब्रेक लावणं चालू राहतं, आणि वाळूसाठी मला हीच रचना सगळ्यात चांगली वाटते. गाडीचं पुस्तक काढून हे वाचा. मग पार्किंगमध्ये बटण दाबून, धरून, फोर-लो टाकून यंत्रणा बंद असल्याचा डॅशबोर्डवरचा कुठला दिवा कधी लागतो ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

या दिव्याने मला एकदा अर्धा दिवस उन्हात फावडं मारायला लावलं. चढावर गाडी बंद पडली. मी मागे सरकवत खाली आणली, किल्ली फिरवली आणि पुन्हा जोर लावला. गाडी आधीपेक्षा खाली थांबली. तिसऱ्यांदा आणखी खाली, आणि मग चॅसिस वाळूवर टेकली. इंजिन बंद करून चालू केलं की माझ्या गाडीत सगळी यंत्रणा परत चालू होते, हे मला माहीत नव्हतं. बहुतेक गाड्या असंच करतात. गाडी बंद पडली की दर वेळी दिवा बघा, मगच निघा.

‘वाळूत सगळं बंदच ठेवा’ हा सल्लाही अर्धवट आहे. टेकडीच्या माथ्यावर किंवा खड्ड्यात गाडी तिरकी टेकली, एक पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं चाक अधांतरी आलं, की डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअर, सगळा जोर त्या मोकळ्या चाकांनाच देतं. डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असेल तर तो लावा. नसेल तर इथे ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोलच कामाचं: ते मोकळ्या चाकाला पकडतं आणि जोर टेकलेल्या चाकाकडे जातो. लो गिअरमध्ये हलकी, एकसारखी रेस द्या आणि धरून ठेवा. खालून गरगर, खडखड असा आवाज येईल. तो ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या पंपाचा आहे. नवखे लोक घाबरून नेमका तेव्हाच पाय उचलतात आणि यंत्रणेला काम करायला वेळच मिळत नाही. दोन-तीन सेकंद थांबा. तरीही गाडी हलली नाही तर सोडा. जास्त वेळ ताणलंत तर ब्रेक तापतात आणि गाडी ही मदत काही काळ बंद करते.

बाकीचं सोपं आहे. चढ सरळ चढा, सरळ उतरा. थांबायचं असेल तर ब्रेक न मारता गाडीला आपोआप थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून. कमी हवेवर स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, टायर रिममधून निघतो. स्थिरतेची यंत्रणा बंद असताना बाजूच्या उतारावर गाडी घसरायला लागली तर स्टिअरिंग उताराकडेच वळवा. वरच्या बाजूला ओढलंत तर गाडी उलटेल.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय उचला. बाहेरून कोणी ‘दाब, दाब!’ ओरडत असेल तर ऐकू नका. आपल्याच चाकोरीतून रिव्हर्स घ्या. तेही जमलं नाही तर खाली उतरून चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढा.

डांबर लागण्याआधी टू-व्हीलमध्ये या, हवा भरा आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद असल्याचा दिवा विझलाय हे नक्की करा. ठाण्यापर्यंत हजाराहून जास्त किलोमीटरचा हायवे बाकी असतो, आणि तिथे ही यंत्रणा चालूच हवी.