लेझर प्रिंटर घेताना आधी कार्ट्रिजचा नंबर विचारा

नागपुरात सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ‘ताई, घरी कोणता प्रिंटर घेऊ?’ हे वकिलांचे ज्युनिअर विचारतात, क्लासवाले विचारतात, शाळकरी पोरांचे बापही विचारून राहतात. मी उलट विचारते, महिन्याला पानं किती? वीस-पंचवीस असतील तर घेऊच नका, दुकानात या. फोटो छापायचे असतील तर लेझर तुमच्या कामाचा नाही. पण नुसता काळा मजकूर असेल आणि मशीन मधे मधे बंद पडून राहणार असेल, तर लेझरच घ्या. इंकजेटची शाई आपल्या मे महिन्यात, ती कागदावर सोडणाऱ्या हेडमध्येच सुकते. लेझरची पावडर मुळातच कोरडी.

बर्डीच्या बाजारात मशीनची किंमत विचारायच्या आधी त्याला कोणतं कार्ट्रिज (पावडरचा डबा) लागतं ते विचारा, आणि कार्ट्रिजच्या किमतीला पानांनी भागा. एचपीचं ८८ए साधारण १५०० पानांचं, १२ए २००० पानांचं. हा आकडा पानाचा ५ टक्केच भाग काळा धरून काढलेला असतो. आमच्याकडची शपथपत्रं गच्च भरलेली, तितकी पानं निघत नाहीत. शिवाय नव्या मशीनसोबत येणारं कार्ट्रिज पुष्कळदा कमी भरलेलं असतं, तेही विचारून घ्या. स्वस्त मशीन इथेच महाग पडतं.

८८एसारख्या कार्ट्रिजमध्ये ड्रम, म्हणजे पावडर कागदावर उमटवणारा रोलर, आतच असतो. ब्रदर कंपनीच्या बऱ्याच मशीनांत टोनर म्हणजे पावडरचा डबा वेगळा, ड्रम वेगळा. पावडर संपली की फक्त टोनर बदलायचा, ड्रम पुढे कितीतरी हजार पानं चालतो. छपाई जास्त असेल तर मला हेच परवडणारं वाटतं. रिफिल करून वापरायचा विचार असेल तर कार्ट्रिजला चिप आहे का ते बघा. चिपवालं मशीन बाहेरची पावडर भरल्यावर अडून बसू शकतं.

आता ठेवायचं कुठे? दुकानदार हे सांगत नाही. लेझरमध्ये पावडर कागदावर वितळवून चिकटवतात, त्यासाठी आतला फ्यूजर २०० अंशांच्या आसपास तापतो. मशीन छापायला लागलं की एकदम बरीच वीज ओढतं. म्हणून कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, भिंतीतल्या पॉइंटवर थेट द्या. आणि कूलरच्या झोतात तर बिलकूल नको! कूलरच्या ओल्या हवेनं कागद दमट होतो, गरम रोलरमधून जाताना वाकतो आणि अडकतो. पावडरही नीट बसत नाही, बोट फिरवलं की अक्षरं पुसतात. लोक मग मशीनला शिव्या देतात. कागदाचं रिम वेष्टनातच राहू द्या, लागेल तेवढाच ट्रेमध्ये टाका. कागद ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) पुरतो.

सोयींपैकी दुतर्फा छपाई आपोआप होणारी घ्या, त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. वकिलांनी ए४ पेक्षा लांब असलेला लीगल कागद ट्रेमध्ये मावतो का बघावं. स्कॅनरची काच बहुधा ए४ पुरतीच असते, लीगल स्कॅन करायला वरून कागद ओढणारा फीडर लागतो. घरात सगळे मोबाइलवरूनच छापणार असतील तर वाय-फाय घ्या.

खोक्यावर महिन्याची जी मोठी क्षमता लिहिलेली असते, ती मशीनची कमाल. रोजच्या कामासाठी कंपनी पानांचा वेगळा, बराच कमी आकडा देते, तो बघा. जुनं मशीन घेत असाल तर विकणाऱ्याला त्यातून माहितीचं पान छापायला सांगा. बऱ्याच मॉडेलमध्ये आजवर किती पानं निघाली ते त्यावर येतं.

पैसे देण्याआधी पेनड्राइव्हमध्ये तुमची मराठी फाइल पीडीएफ करून न्या, दुकानातच दोन्ही बाजूंनी छापून बघा आणि आधार कार्डाची एक झेरॉक्स काढा. फोटोतला चेहरा नुसता काळा गोळा आला, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.