पिकअपसाठी ट्यूनिंग प्रोग्रॅमर निवडताना

सुरतेहून कापडाच्या गाठी भरून परतणारी पिकअप विसरवाडी ओलांडून कोंडाईबारीच्या चढाला लागली, की चालकाला एकेक गिअर खाली यावे लागते. धुळ्याच्या गॅरेजमध्ये म्हणूनच गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ‘घाटमा गाडी वढस का?’ (घाटात गाडी ओढते का?) असा असतो. अलीकडे या प्रश्नाला उत्तर म्हणून ट्यूनिंगची, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देतो म्हणणारी, उपकरणे विकली जातात आणि प्रत्येक विक्रेता आपलेच उपकरण सर्वांत जास्त हॉर्सपॉवर देते असे सांगतो. माझ्या मते हॉर्सपॉवरचा आकडा हा तुलनेचा सर्वांत दुबळा आधार आहे. उपकरण इंजिनातील नेमकी कोणती गोष्ट बदलते, ती गोष्ट बदलताना काय पाहत नाही आणि ते काढल्यावर गाडी पूर्ववत होते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

बाजारात ‘ट्यूनिंग प्रोग्रॅमर’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू मिळतात. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गॅरेजवाला दोष तपासण्याचे यंत्र जोडतो त्या जागी, खोचून ‘ॲव्हरेज वाढवा’ असे सांगणारे काहीशे रुपयांचे प्लग तुलनेतून लगेच वगळावेत; असे प्लग उघडून पाहणाऱ्यांना त्यांत लुकलुकणारे दिवे चालवणाऱ्या सर्किटपलीकडे काही आढळलेले नाही. ॲक्सिलरेटर पेडलला जोडायचा थ्रॉटल कंट्रोलर खरा असतो, पण तो फक्त पेडलचा संदेश वाढवून पुढे पाठवतो. पाय अर्धा दाबला असता इंजिनाला तो पाऊण वाटतो, त्यामुळे गाडी चपळ भासते; पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र ताकद पूर्वीइतकीच राहते. घाटात पेडल तसेही तळाला टेकलेले असते, म्हणून भाड्याच्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

ट्यूनिंग बॉक्स हा प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो आणि त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. कॉमनरेल डिझेल इंजिनात इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधील दाब एक सेन्सर मोजतो आणि तो आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो. बॉक्स या दोहोंच्या मध्ये बसतो आणि खऱ्या दाबापेक्षा थोडा कमी आकडा पुढे पाठवतो. ईसीयूला दाब कमी पडला असे वाटते, तो दाब वाढवतो आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. थोडक्यात, बॉक्स संगणकाशी खोटे बोलतो. जास्तीच्या डिझेलची ईसीयूला कल्पना नसल्यामुळे धूर, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब आणि टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) मर्यादा यांचा हिशेब तो जुन्याच आकड्यांवर करत राहतो. बॉक्सची जमेची बाजू अशी, की दोन कनेक्टर काढले की गाडी मूळ स्थितीत येते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला हा बॉक्स बसवताच येत नाही.

रिमॅपमध्ये ईसीयूमधील मूळ फाइल वाचून घेतात, तिच्यातील तक्ते बदलतात आणि ती पुन्हा लिहितात. डिझेलचे प्रमाण, इंजेक्शनची वेळ, टर्बोचा दाब, धुराची मर्यादा आणि टॉर्कची मर्यादा या सगळ्या गोष्टी एकमेकींना धरून बदलता येतात, म्हणून जाणकाराने केलेला रिमॅप बॉक्सपेक्षा सरस ठरतो. अजाणत्याने केलेला मात्र बॉक्सपेक्षाही घातक ठरतो, कारण तो इंजिनाची संरक्षक मर्यादाच उचलून ठेवतो. येथे उपकरणापेक्षा फाइल लिहिणारा महत्त्वाचा असतो. त्याने आपल्या गाडीचा सॉफ्टवेअर नंबर न विचारता, केवळ मॉडेल ऐकून फाइल तयार असल्याचे सांगितले, तर तेथून उठावे.

हातात धरायचे प्रोग्रॅमर मुख्यतः अमेरिकेतील पिकअप ट्रकांसाठी बनतात. ते मूळ फाइल स्वतःत साठवतात, ओझे ओढण्यासाठी किंवा बचतीसाठी तयार केलेल्या फाइलींपैकी एक गाडीत लिहितात आणि बहुतेक वेळा त्या एका गाडीच्या चेसिस नंबराशी बांधले जातात. मूळ फाइल परत टाकल्याशिवाय ते दुसऱ्या गाडीला चालत नाहीत. त्यामुळे जुना प्रोग्रॅमर स्वस्तात मिळाला, तरी तो पहिल्या गाडीतून सोडवला आहे का हे विचारावे. आपल्याकडच्या पिकअपच्या फाइली त्यात सहसा नसतात, हे तर त्याहून आधी पाहावे.

जाहिरातीत कमाल हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरांत असते, परंतु भरलेली गाडी १५०० ते २५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पट्ट्यात चालते. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागले, की मेट्रिक हॉर्सपॉवर मिळते. २००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर सुमारे ५७ हॉर्सपॉवर होते आणि तेथे टॉर्क २३० झाला तर साडेपासष्ट. घाटात उपयोगी पडते ती ही वाढ. ३८०० आरपीएमला मिळालेली वाढ कोंडाईबारीत कोणी वापरत नाही. म्हणून विक्रेत्याकडे डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, पूर्ण आलेख मागावा, मूळ आणि बदललेली अशा दोन्ही रेषा एकाच कागदावर पाहाव्यात आणि मधला पट्टा ताडून घ्यावा.

खान्देशात या तुलनेला उन्हाची जोड द्यावीच लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. २५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, म्हणजे डिझेल वाढवले तरी ते जाळणारी हवा तेवढी मिळत नाही. उरलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. टर्बोच्या अलीकडे हे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे दीर्घकाळ राहू देऊ नये, असा डिझेल ट्यूनिंगमधील ढोबळ संकेत आहे. बहुतेक बॉक्स हे तापमान पाहतच नाहीत. प्रोग्रॅमरला वेगळा सेन्सर जोडता येत असेल, तर त्याला दोन गुण जास्त द्यावेत. मी स्वतः एका जुन्या पिकअपला बॉक्स लावून सर्वांत वरचा मोड, म्हणजे सर्वांत जास्त ताकदीची पायरी, ठेवला होता. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना आरपीएम वाढत होते आणि गाडी मात्र जागची हलत नव्हती. क्लचप्लेट घसरत होती. विक्रेत्याने क्लचचा विषय काढला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. कंपनी इंजिनात जी ताकद राखून ठेवते ती विसरून ठेवलेली नसते. ती आपल्याच ओव्हरलोडसाठी आणि आपल्याच मे महिन्यासाठी असते. म्हणून दोन उपकरणांत जे सर्वांत सौम्य मोड देते, तेच मी आधी पाहतो.

बचतीचा दावा कागदावर तपासता येतो. गाडी महिन्याला ४००० किलोमीटर चालते, ॲव्हरेज १२ वरून १२.६ झाले, डिझेल ९२ रुपये लिटर आहे आणि उपकरण २५,००० रुपयांचे आहे असे धरू. ३३३ लिटरऐवजी ३१७ लिटर लागतील, महिन्याला सुमारे १,४६० रुपये वाचतील आणि उपकरणाची किंमत निघायला सतरा महिने लागतील. तेही चालकाने वाढलेली ताकद वेगासाठी वापरली नाही तर. प्रत्यक्ष चाचणीसाठी तोच चालक, तोच रस्ता, वजनकाट्यावर मोजलेला तितकाच माल आणि त्याच पंपावर भरलेली फुल टाकी ठेवून आधी तीन आणि नंतर तीन खेपा मोजाव्यात. त्यापूर्वी एअर फिल्टर, टायरची हवा आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत. अनेकदा हरवलेली ताकद तेथेच सापडते.

कायद्याची बाजू किमतीइतकीच महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. काही परदेशी प्रोग्रॅमरवर कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक असतो. तो तेथील ठरावीक गाड्यांपुरता असून आपल्या आरटीओसाठी त्याला अर्थ नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि अनेक गाड्यांत धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरणारी एससीआर यंत्रणा असते. धूर वाढवणारी कोणतीही फाइल डीपीएफ लवकर तुंबवते, आणि मग तोच विक्रेता ‘डीपीएफ बंद करून देतो’ म्हणतो. हा पर्याय ज्याच्या यादीत असेल, त्याला मी माझ्या यादीत घेत नाही. वॉरंटीतील गाडीत मूळ फाइल परत टाकून सर्व्हिसिंगला नेण्याच्या युक्तीवरही विसंबू नये, कारण अनेक ईसीयूंत फाइल किती वेळा लिहिली गेली याची नोंद राहते.

फाइल लिहिण्याच्या दिवशी बॅटरीवर लक्ष असावे. लिहिणे अर्ध्यावर असताना व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडूनच काम करू द्यावे आणि एसी, दिवे, टेप बंद ठेवावेत. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचे उपकरण त्याला लावू नये. मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर स्वतःकडे घ्यावी, जीएसटीच्या बिलावर फाइल आणि गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि शोरूमने सॉफ्टवेअर अपडेट केल्यास रिमॅप पुसला जातो, तेव्हा पुन्हा लिहिण्याचे पैसे कोणी द्यायचे हेही त्याच बिलावर ठरवून घ्यावे.