‘पाच वर्षांपासून’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

बारा काळांचा तक्ता घोकलेली माणसंही ऑफिसात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतात. वाक्य मनात मराठीत जुळतं, वर शब्द तेवढे इंग्रजी चढतात. त्यामुळे तक्ता तूर्त बाजूला ठेवा आणि या एकाच वाक्यातल्या दोन चुका सोडवा.

पहिली ‘पासून’ची. मराठीत ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे तोच शब्द चालतो. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगताना ‘सिन्स’, किती काळ ते सांगताना ‘फॉर’. अडलात तर ‘पासून’ काढून ‘गेली’ लावून बघा. ‘मी गेली पाच वर्षं इथे आहे’ हे जमतं, म्हणून ‘फॉर’. ‘मी गेला सोमवार इथे आहे’ कानाला खटकतं, म्हणून ‘सिन्स मंडे’.

दुसरी क्रियापदाची. आपल्याला ‘करतोय’ पुरतं. इंग्रजीत मात्र आधी सुरू झालेलं काम अजून चालू असेल आणि कधीपासून तेही सांगायचं असेल, तर ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘नो’ (ओळखणे, माहीत असणे) अशा क्रियापदांना ‘इंग’ लागत नाही. तिथे ‘आय हॅव नोन हिम सिन्स २०१९’.

हे अंगवळणी पडलं की ‘हॅव’ नको तिथेही घुसतं. ‘मी काल फॉर्म भरलाय’ यात मराठीला काहीच वावगं वाटत नाही, पण ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म येस्टरडे’ चूक. ‘काल’, ‘मागच्या महिन्यात’ अशी सरलेली वेळ वाक्यात आली की ‘हॅव’ काढा: ‘आय फिल्ड द फॉर्म येस्टरडे’. वेळ न सांगता नुसतं काम झाल्याचं कळवायचं असेल तर ‘हॅव’ राहू द्या.

सरावाला एक वही पुरे. रात्री डाव्या पानावर दिवसभरातली पाच वाक्यं मराठीत लिहा, बोलता तशीच; त्यात दोन तरी ‘पासून’ची हवीत. इंग्रजी दुसऱ्या दिवशी सकाळी, उजव्या पानावर. लगेच लिहायला बसलं की इंग्रजीत सोपी जातील अशीच वाक्यं आपण निवडतो, ही पळवाट जवळपास सगळेच काढतात. चुकलेला शब्द नुसता खोडू नका, दुरुस्त केलेलं अख्खं वाक्य तीनदा मोठ्याने म्हणा.

सलग दहा दिवस या चुका झाल्या नाहीत, की ‘ए’ आणि ‘द’कडे वळा. त्याला वेळ जास्त लागतो, आणि तिथे चुकलं तरी समोरच्याला अर्थ बहुधा कळतो.