आधी विचारा, फोन कुणाच्या हातात असतो

पुण्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसवर समुपदेशक म्हणून मला सात वर्षं झाली. या कामात यायचंय, काय शिकू, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते. दरवर्षी फील्डवर्कला नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "ताई, आपण यासाठी ॲप का नाही काढत?" शनिवारी हिंजवडीहून येणारे आयटीवाले तर आराखडा सोबतच घेऊन येतात. मी विचारते, आयकॉन कुणाला दिसेल? नोटिफिकेशन आलं तेव्हा फोन कुणाच्या हातात असेल? रात्री तो कुणाच्या उशाशी असतो? बहुतेक आराखडे इथेच गुंडाळले जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांनी सांगितलं, की स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याकडे आहे. त्याच पाहणीत १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहितांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हे दोन आकडे शेजारी ठेवा, मग ॲपचं बोलू.

माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी एक बाई आली. माहेरी काय लिहिलं ते नवऱ्याला शब्दन्‌शब्द कळायचं. "मॅडम, करणीबिरणी केलीय का काय कळत नाही," म्हणाली. मी तिच्या फोनवर व्हॉट्सॲप वेब पाहिलं, तर एक लॅपटॉप जोडलेला. मोठ्या रुबाबात लॉग आउट दाबलं. संध्याकाळी त्याच्या लॅपटॉपवर चॅटच्या जागी क्यूआर कोड आला आणि त्याला काय कळायचं ते कळलं. दोन दिवसांनी ती शेजारणीच्या फोनवरून बोलली. ते बोलणं मी इथे लिहीत नाही. आमच्या सुपरवायझर ताई एवढंच म्हणाल्या, "कुलूप बदललंस, पण ती अजून आतच होती ना."

तेव्हापासून मी आधी काहीच काढत नाही. ज्या फोनवर नवऱ्याची पाळत आहे तो तसाच चालू ठेवायचा. त्यावर भाजी, भिशी, मुलांची शाळा. खरं बोलणं दुसऱ्या फोनवरून: शेजारीण, आशाताई, कामावरच्या मॅडम. सेटिंगला हात लावायचा तो घर सोडायचा दिवस ठरल्यावर, तिला विचारून. लोकेशन शेअरिंग आणि गूगल खातं सगळ्यांना सुचतं. सुटतात त्या साध्या गोष्टी. एक जण घरची गाडी घेऊन साताऱ्याला माहेरी निघाली. खेड शिवापूरच्या टोलवर फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज गेला नवऱ्याच्या मोबाइलवर. आधारला नंबर त्याचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तर कॉल लॉगमध्ये १८१ तसाच राहतो.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ मी फोनवरच्या सरावाला देते. एक जण या खोलीत, दुसरी त्या खोलीत. दुसरी 'पीडिता' होते आणि सासू ओट्याशी उभी आहे असं धरायचं. मध्येच ती म्हणते, "हो ताई, दोन ब्लाऊज झाले का शिवून?" नवीन मुलगी गोंधळते, म्हणते, "राँग नंबर." पुन्हा करा! अशा वेळी हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारायचं. आत्ता बोलता येईल का? शेजारी कुणी आहे का? मार लागलाय का? ११२ ला कळवू का? हा सराव आम्ही रेकॉर्ड करून लगेच ऐकवतो. स्वतःचा घाईचा आवाज ऐकला, की पुढच्या खेपेला माणूस आपोआप थांबायला शिकतो. खऱ्या केसचं रेकॉर्डिंग मात्र कधीही वर्गात आणू नका, नाव काढून टाकलं तरी.

कायदा वाचावाच लागतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कलम १२चा अर्ज (न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागायचा) आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने भरायचा घटना अहवाल एकदा हाताने लिहून पाहा. कलम १८खाली न्यायालय नवऱ्याला फोन, मेसेज, ईमेल कशानेही संपर्क करायला मनाई करू शकतं, हे कित्येक जुन्या कार्यकर्त्यांच्याही लक्षात नसतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून धमकीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट कापून, त्यावर गोल काढून फॉरवर्ड करत बसू नका. मूळ फोन आणि मूळ चॅट जपा आणि लवकर वकिलाला दाखवा.

शिक्षणाचं म्हणाल तर कर्वेनगरला कर्वे समाजसेवा संस्थेत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करता येतं. वकिलीतून किंवा मानसशास्त्रातून आलेलेही चांगलं काम करतात. नोकऱ्या बहुतेक कंत्राटी, पगार बेताचा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

रुजू होण्याआधी एक काम करा. आईला विचारून तिचे मेसेज कुठे कुठे जातात ते बघा. मी केलं होतं. गॅसच्या नंबरापासून तिच्या स्वतःच्या बँक खात्यापर्यंत सगळं बाबांच्या मोबाइलवर निघालं. आई कुकरची शिट्टी लावत म्हणाली, "मग? पहिल्यापासून तसंच आहे की."